सतरा जणांना पुरलं

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षं खजिना शोधत होता. त्याच्याकडे एक यंत्र होतं. लांब दांडा, खाली ताटली. जमिनीत धातू असला की ते टुंटुं करायचं, म्हणून गाव त्यालाच टुंटुं म्हणायला लागलं. त्याची बायकोसुद्धा. एकदा बँकेतला कारकून विसरून तेच नाव पासबुकावर लिहिणार होता.

आता मेहुणा खजिना शोधतोय म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाने गप्प बसायचं म्हणजे अन्याय आहे. मी चावीवाला. चाव्या बनवतो, कुलपं उघडतो, कात्र्यांना धार लावतो, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. एकदा मी पितळी डबा पुरून ठेवला. टुंटुंने दोन तास खणून तो बाहेर काढला, तर आत चिठ्ठी: "आणखी दोन फूट." पठ्ठ्याने आणखी दोन फूट खणलं! खाली दुसरा डबा. त्यात चिठ्ठी: "शाब्बास. आता सगळं बुजव." आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी आला आणि हळूच विचारलं, "भावजी, खरं सांगा, आणखी कुठे कुठे पुरलेत डबे? म्हणजे मला ते वगळता येतील."

खजिन्याची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ. बासष्ट वर्षांपूर्वी लढाई संपत आली तेव्हा पळून जाणाऱ्या सैन्याने बँकेतलं सोनं बारा पेट्यांत भरलं. पेट्या उचलायला कुठून तरी लांबून कैदी आणले होते. ते किती होते, कुठले होते, कुणालाच माहीत नाही. ट्रक पंपघराच्या रस्त्याने गेला, आणि त्यानंतर ट्रक नाही, पेट्या नाहीत, कैदी नाहीत. ट्रकचा ड्रायव्हर तेवढा आमच्या गावचा. तोही नाही. मग चोर कोण? ज्याचं नाव माहीत आहे तो. सैन्याला गुंगारा देऊन ड्रायव्हर सोनं घेऊन पळाला, असं ठरलं, आणि ठरलं ते ठरलंच.

त्या ड्रायव्हरची मुलगी म्हणजे माझ्या शेजारची शिवणवाली मावशी. सगळ्यांचीच मावशी. तिच्या दुकानात आणि माझ्या दुकानात एक प्लायवूडची फळी. तिकडे मशीन चाललं की इकडे माझ्या खिळ्यांवरच्या चाव्या किणकिणायच्या. बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही. लग्न दोनदा ठरलं, दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी मुलाकडच्यांनी विचारलं होतं म्हणे, की सोन्यातलं काही मागे ठेवलंय का वडिलांनी.

तुम्हाला वाटेल, बाई कडवट झाली असेल. छे! कुणी बापाचा विषय काढला की मान वर न करता, दातात दोरा धरून म्हणायची, "मजेत आहेत बाबा. कुठेतरी समुद्राकाठी बंगला असेल."

"अगं मावशी, वय काय झालं असेल त्यांचं?"

"सत्त्याण्णव. असतात की माणसं सत्त्याण्णव वर्षांची. तूच बघ, एवढी वाईट माणसं जगतात."

मला बरीच वर्षं वाटायचं ती आपली तोंडाला तोंड देतेय. मग लक्षात आलं. टुंटुं आणि त्याची मंडळी खणून आली, गुडघ्यावर फाटलेल्या पँटी घेऊन तिच्याकडे गेली, की ती पहिला प्रश्न विचारायची, "मिळालं का रे?" ते म्हणायचे, नाही. मग ती खूश. पँट फुकट शिवून द्यायची वर. कारण सोनं जमिनीत सापडलं, तर बाबांनी ते नेलेलं नव्हतं. आणि नेलेलं नव्हतं, तर मग ते बासष्ट वर्षं आले का नाहीत? त्याला एकच उत्तर होतं. तिला बाप चोर चालत होता. चोर म्हणजे जिवंत तरी.

हे सगळं मला कळत होतं. तरी मी ते केलं.

झालं काय, तर पंपघरावर पूर्वी कामाला असलेला एक म्हातारा होता, पंपवाले आजोबा. ब्याऐंशी वर्षांचे, वृद्धाश्रमात असायचे. त्यांच्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून मला बोलावलं. मी खाली बसून कुलूप खोलतोय, ते पलंगावर. मध्येच म्हणाले, "पंपाच्या मागे. भिंतीला लागून."

"काय, आजोबा?"

"सतरा जणांना पुरलं."

"काय पुरलं?"

"सतरा जणांना पुरलं रे. मी होतो ना." आणि रडायला लागले.

मला वाटलं जेवणाबद्दल बोलतायत. लढाईच्या दिवसांत म्हणे अन्नाचे हाल होते, तर एका पातेल्यात सतरा जणांचं भागलं असेल, ती आठवण आली असेल. म्हाताऱ्या माणसांना जुन्या जेवणाच्या आठवणीने रडू येतं, माझ्या सासऱ्यांनाही यायचं. मी म्हटलं, "पुरलं ना, मग झालं तर! रडता कशाला?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. मी कपाटाला तेल घातलं, पैसे घेतले आणि निघालो. दोनच दिवसांत आजोबा गेले.

आणि मी? मी वृद्धाश्रमातून थेट टुंटुंकडे गेलो. एवढं आयतं हातात आलेलं सोडतो होय! चेहरा गंभीर केला, आवाज खाली आणला. "ऐक. पंपवाले आजोबा बोललेत. पंपघराच्या मागे, भिंतीला लागून. पुरलंय. सतरा जणांना पुरेल एवढं."

त्याचे डोळे असे झाले. "सतरा जणांना? भावजी, आपण तर चौघेच आहोत!"

"मग तेरा जण कमी. किती वाटणी येते बघ."

हसून हसून माझं पोट दुखलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझा भाऊ बावळट आहे म्हणून तुमचं चाललंय." तरी तिलाही हसू आलं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला टुंटुंचा फोन आला. नुसतं, "या." मी मनात म्हटलं, आता शिव्या खायला चला. जाताना मावशीला सांगितलंसुद्धा, "चल येतेस का, खजिना निघालाय." ती हसली. पण मशीन थांबलं.

टुंटुं खड्ड्याच्या काठावर बसला होता. छातीएवढा खड्डा, कडांना पांढरा चुना. त्याच्या मुठीत बारीक तारेची चष्म्याची फ्रेम होती. ती चकाकली तेव्हा तो ओरडला होता, सोनं, सोनं! मग फ्रेमच्या खालचं दिसलं.

त्याने माझ्याकडे मान वर करून बघितलं. "भावजी, ही तुम्ही ठेवलीत ना?"

मी खाली बघितलं.

"सांगा ना. तुम्हीच ठेवलीत ना? मी नाही रागवणार. खरंच नाही रागवणार."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हो म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

सरकारी माणसं आली, तंबू लागला, पिवळी पट्टी लागली. आठ दिवसांनी तपासाच्या बाईंनी आकडा सांगितला. सतरा. पुरलं, पुरलं. एकच शब्द. म्हाताऱ्याने विशीत, बंदुकीच्या धाकाने, सतरा माणसांवर माती लोटली होती, आणि बासष्ट वर्षांनी कुणाला तरी सांगायला तोंड उघडलं, तर समोर मी! मी विचारलं काय, तर रडता कशाला.

हाडं तपासायला पाठवली, पण चुन्याने ती अशी खाल्ली होती की त्यातून काही निघेना. अंगावरचं कापड गेलेलं. उरलं ते बक्कल, बटणं, चष्मा. आणि अकरा नंबरच्या सांगाड्याच्या कमरेपाशी मातीचा एक गोळा, ज्यातून कडी डोकावत होती. बाईंनी गोळ्याचा फोटो काढला, पिशवीत घातला आणि माझ्याकडे आणला.

"चावी दिसतेय. कशाची ते कळलं तर मदत होईल. मोडू नका."

"बाई, मी चाव्या मोडत नाही. माणसं मोडतो." सवयीने बोललो. त्या हसल्या नाहीत.

दुपारी तीनच्या सुमाराला गोळा रॉकेलमध्ये भिजवला, ब्रशने हळूहळू घासला. फळीपलीकडे मावशी पडद्यांना पट्टी मारत होती, माझ्या चाव्या किणकिणत होत्या. माती सुटली. पितळी चावी, म्हणून टिकलेली. पाच दात, तिसरा आखूड, शेवटचा तिरका.

त्या दातांचं कुलूप मी ओळखत होतो. दर वर्षी मी ते मावशीच्या दारावरून काढायचो, आतल्या पट्ट्या पुसायचो, तेल घालून परत बसवायचो. दर वर्षी म्हणायचो, मावशी, हे भंगारात टाक, नवं बसवतो. आणि दर वर्षी ती म्हणायची, "वेडा आहेस का? जुनी चावी बाबांकडे आहे. मी घरी नसताना आले तर?"

फळीपलीकडून ती म्हणाली, "काय रे, आज गप्प? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणालो.

"मग एखादी थाप मार की."

मी कानस उचलली. खोटं नाही सांगत, विचार केलाच नाही. किंवा एवढाच केला, की तीन दातांवर चार-चार हात, की संपलं. सत्त्याण्णव वर्षांचा म्हातारा समुद्राकाठी बसून राहील. गावाने त्याला चोर म्हणून जगवला, मी अजून थोडा जगवतो. एवढ्या खोड्या केल्या, ही एक तिच्यासाठी. घासलेल्या जागेला काळा रंग यावा म्हणून चावी जळक्या तेलात बुडवली, पुसली, पिशवीत ठेवली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई ती चावी घेऊन मावशीच्या घरी आल्या; तेव्हा बेपत्ता झालेला गावचा माणूस एकच, तिचा बाप. मीही गेलो, कुलपाचा जाणकार म्हणून. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच लावून बघा, आजी." मावशीने चावी घेतली. पदराला हात पुसले आधी. चावी आत गेली. फिरली नाही. तिने पुन्हा काढली, पुन्हा घातली. नाही.

बाईंनी कागदावर लिहिलं: जुळत नाही.

मावशी चावी परत देताना थोडी थांबली. अंगठा दातांवरून फिरवला. कापड घेताना ती वीण बघते ना, तसा. मग दिली. मला वाटलं, झालं, सुटलो.

सकाळी दुकान उघडतोय तोच ती समोर. स्टुलावर बसली.

"बोटाला खरखरलं."

"गंज असेल, मावशी. बासष्ट वर्षं मातीत..."

"माझ्या कात्र्या कोण लावतं धारेला?"

"मी."

"मग ताजी कानस मला कळत नाही का रे मेल्या?"

शिव्या देईल, मारेल असं वाटलं. ती म्हणाली, "काल त्या बाईसमोर बोलले असते तर तुला आत टाकलं असतं. म्हणून नाही बोलले." मग स्टूल पुढे ओढलं. "कुठे सापडली?"

"अकरा नंबर. कमरेपाशी."

"उजवीकडे?"

"उजवीकडे."

"हं. डावा खिसा फाटलेला होता. आई म्हणायची, शिवते, शिवते." तिने नाक पुसलं. "म्हणजे ते येतच होते घरी. चावी घेऊन."

"मावशी, मला वाटलं, तुला..."

"मला काय ते मी बघीन. तू आत्ता ऊठ. त्या बाईला जाऊन सांग. बाबा जिवंत नाहीत ना? बरं. मग चोर पण नाहीत. एवढं तरी लिहून आण."

मी गेलो. धावतच गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं.

"म्हणजे चावी जुळत होती, पण तुम्ही ती घासलीत, म्हणून जुळत नाही."

"हो."

"का घासलीत?"

सांगितलं. मोठ्याने बोललं की ते किती मूर्ख वाटतं, ते तेव्हा कळलं.

"आजींना खरखर लागली, तर त्या तिथे का नाही बोलल्या?"

"मला वाचवायला."

"आणि आता तुम्ही त्यांना वाचवायला आलात." बाई वाईट नव्हत्या हो. खरंच नव्हत्या. "हे बघा, तुमचा लौकिक ऐकलाय मी. डब्यातल्या चिठ्ठ्याही ऐकल्यात. तुम्ही शेजारी आहात, त्यांचं भलं करायचंय तुम्हाला, कळतं मला. पण माझ्याकडे आधीचा फोटो आहे तो मातीच्या गोळ्याचा."

"मी नवीन चावी करून दाखवतो. दात कसे होते मला पाठ आहेत!"

"कुलूप तुमच्या हातातलं, आजींकडची चावीही तुम्हीच केलेली. त्याला लागेल अशी चावी तुम्ही कधीही कराल."

खरं होतं. तरी त्यांनी दुसऱ्या गावचा चावीवाला बोलावला. त्याने भिंग लावून बघितलं आणि कबूल केलं, की हो, कुणीतरी घासलीय. आधी दात कसे होते? ते नाही सांगता येणार. प्रामाणिक माणूस. मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

अहवालात आलं: सतरा अनोळखी पुरुष.

आणि मग गावाने हिशेब मांडला. टुंटुंनेच बातमी आणली, तोंड पाडून. यंत्र त्याने माळ्यावर टाकलं होतं, पण कट्ट्यावर जायचा. "भावजी, लोक म्हणतायत, सतराच्या सतरा कैदी होते. मग ड्रायव्हर कुठाय? म्हणजे त्यानेच गाडले सगळ्यांना, आणि तो गेला."

"तो अकरा नंबर आहे! चावी घासली मी!"

"मी सांगितलं."

"मग?"

"हसले. म्हणाले, भावजींनी तुला पुन्हा गंडवलं."

चोराचा खुनी झाला. जे काम गावाला बासष्ट वर्षांत जमलं नव्हतं, ते मी दहा मिनिटांत, जळक्या तेलासकट करून दिलं.

टेकडीवर सतरा जणांची हाडं पेट्यांत घालून पुन्हा मातीत ठेवली, त्या दिवशी मावशी आली. नवा ब्लाऊज, केस नीट विंचरलेले. सरळ अकरा नंबरपाशी जाऊन उभी राहिली. लोक कुजबुजायला लागले. एक जण मुद्दाम ऐकू जाईल असा म्हणाला, "माफी मागायला आली असेल, बापाच्या वतीने." टुंटुं त्याच्या अंगावर गेला, चौघांनी धरलं. मावशीने मागे वळून बघितलं नाही. दगडावर बाकी काही नव्हतं, नुसता आकडा. तिने त्यावरची माती पदराने पुसली, आणि माझ्या शेजारून जाताना म्हणाली, "नाव तरी घालता आलं असतं रे."



कुलूप तिने अजून बदललेलं नाही. मी विचारतही नाही. फळीपलीकडे मशीन चालतं, पण पूर्वी गुणगुणायची, ते बंद आहे. थाप मार असं म्हणत नाही.

परवा दोन तरुण आले, बाहेरगावचे. पाठीवर नवं कोरं यंत्र, टुंटुंच्या यंत्रापेक्षा दुप्पट मोठं. बारा पेट्या अजून कुठेतरी आहेत म्हणून आलेले. एकाने मावशीच्या दुकानात डोकं घातलं. "आजी, त्या खुनी ड्रायव्हरची मुलगी इथे राहते ना? तो सोनं घेऊन कुठल्या बाजूला गेला असेल, काही अंदाज?"

मशीन थांबलं. मावशी म्हणाली, "कुठे नाही गेला. टेकडीवर आहे. अकरा नंबर."

तो गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं. समोरच्या चहावाल्याकडे पाच-सहा जण बसले होते, तेही बघायला लागले.

"खरं आहे," मी म्हणालो. "चावी होती त्याच्याकडे. घराची. मीच घासली ती. तो येत होता घरी, मारला त्याला त्या सैन्याने."

मग चहावाल्याकडचा एक जण फिसकन हसला. दुसरा म्हणाला, "अहो, ऐकू नका यांचं! हे डब्यात चिठ्ठ्या पुरतात!" आणि सगळे सुटले. ते दोन तरुणही हसायला लागले, आपल्याला कुणी बनवलं नाही याच आनंदात.

मावशीने सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला जाईना.

मी म्हणालो, "आईशप्पथ."

ते आणखी जोरात हसले.